जबडे असलेल्या पतंगांचे नाते

तांदळाचा डबा बरेच दिवस उघडला नाही, की झाकण काढताच एखादे करडे पाखरू उडून जाते. पाखरांनी तांदूळ खाल्ले, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या पाखराला दाणाच काय, कणीसुद्धा चावता येत नाही, कारण चावायला लागणारे जबडेच त्याला नसतात. दाणे जाळ्यात गुंफून पोखरले ते त्याच्या अळीने. लोकरीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरीचेही तसेच: कापड कुरतडते ती अळी, कपाटातून उडतो तो पतंग निरुपद्रवी. घाणेरीच्या फुलावर बसलेली राणी पाकोळी लांब सोंड उलगडून मध शोषते, पण पाकळीचा तुकडा तिला तोडता येणार नाही. अळी चावते आणि पंख फुटलेला कीटक एक तर शोषतो, नाहीतर उपाशी राहतो, हा नियम फुलपाखरांना आणि पतंगांना इतका सर्रास लागू पडतो की तीच त्यांची ओळख वाटावी. मग ज्या पतंगाला पंख फुटल्यावरही दातेरी, चालणारे जबडे आहेत आणि सोंडेचा पत्ताच नाही, त्याला पतंग म्हणायचे की आणखी काही?

असे पतंग खरोखरच आहेत. मायक्रोप्टेरिजिडी हे त्यांच्या कुलाचे नाव. जीवशास्त्रात जवळच्या जाती मिळून एक प्रजाती होते, प्रजाती मिळून कुल आणि कुले मिळून गण. जगातली सगळी फुलपाखरे आणि सगळे पतंग लेपिडोप्टेरा या एकाच गणात येतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक मोजदादीत या गणाच्या नाव मिळालेल्या जाती सुमारे १,५७,००० होत्या आणि त्यांपैकी मायक्रोप्टेरिजिडीच्या फक्त १६०, म्हणजे हजारात एक. तरीही या मूठभर जातींना कुठे ठेवायचे यावर कीटकशास्त्रज्ञ अनेक दशके वाद घालत राहिले. त्या वादातून जे हाती आले ते या कुलापुरते उरले नाही. वर्गीकरण म्हणजे साम्यांची यादी नव्हे, ते नात्याचे अनुमान आहे. आणि नाते ठरवताना प्रत्येक साम्याचे वजन सारखे नसते. या लेखाचे म्हणणे तेवढेच आहे, आणि ते पटवून द्यायला या चिमुकल्या पतंगांइतका चांगला साक्षीदार सापडणे कठीण.

## चावणारा पतंग कसा असतो?

युरोपात सहज आढळणारी मायक्रोप्टेरिक्स कॅल्थेला ही या कुलातली जाती. पंख पसरले तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम एक सेंटिमीटर. पंखांवर कांस्यासारखी सोनेरी झाक, मुळाशी जांभळट छटा, डोक्यावर पिवळसर केसाळ खवल्यांचा विस्कटलेला झुपका. हा पतंग रात्रीच्या दिव्याकडे येणारा नव्हे. वसंतात भर उन्हात ओलसर जागीच्या पिवळ्या फुलांवर आणि लव्हाळ्यासारख्या गवतांच्या तुऱ्यांवर हे पतंग अनेकदा घोळक्याने बसतात. जवळून पाहिले तर ते परागकण खात असतात. जबड्यांच्या मागे असलेल्या लांब, सांधेदार स्पर्शकांनी पराग खरवडून तोंडाशी आणायचा, जबड्यांमध्ये घ्यायचा आणि तोंडाच्या आतल्या काटेरी पिशवीत भरडायचा, अशी ही सगळी यंत्रणा आहे. या कुलातल्या काही जाती परागाऐवजी नेच्यांचे बीजाणूही खातात.

अळीही नेहमीच्या सुरवंटासारखी पानावर राहत नाही. ती जमिनीलगतच्या ओल्या पालापाचोळ्यात, शेवाळात किंवा यकृतकांवर वाढते. पावसाळ्यात आपल्याकडे ओल्या भिंतींवर आणि घाटातल्या पाझरत्या कातळांवर चिकटून पसरणाऱ्या चपट्या हिरव्या वनस्पती असतात, त्याच यकृतका. अळीचा कोष झाला तरी जबडे सुटत नाहीत. आतल्या कोषितालाही चालणारे जबडे असतात आणि बाहेर पडताना तो त्यांनी आपले रेशमी आवरण फोडतो. आपल्या ओळखीचा एकही पतंग असे करत नाही.

## दोन शतकांचा घोळ

लिनियसने १७६१ साली या जातीला नाव दिले, तेव्हा तिला इतर लहान पतंगांतच बसवले. पंख आहेत, पंखांवर खवले आहेत, आकार बारीक आहे. तेवढे त्या काळी पुरे होते. एकोणिसाव्या शतकात ह्यूब्नरने मायक्रोप्टेरिक्स ही प्रजाती केली आणि पुढे हेरिश-शेफरने तिला स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. सूक्ष्मदर्शक सुधारले, पतंगांचे मुखावयव सुटे करून पाहिले जाऊ लागले, तसे हे कुल अडचणीचे ठरू लागले. १९१७ साली इंग्लंडच्या टी. ए. चॅपमन यांनी सरळ मांडणी केली की हे पतंगच नव्हेत. त्यांच्यासाठी झ्यूग्लोप्टेरा नावाचा वेगळा गण हवा. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या जॉन हेन्री कॉमस्टॉक यांनी पंखांतल्या शिरांची मांडणी पाहून तिसरेच उत्तर दिले. त्यांनी हे कुल उचलून कॅडिसमाश्यांच्या गणात टाकले.

कॅडिसमाशी आपल्याला परकी नाही. सह्याद्रीतल्या वाहत्या ओढ्यात दगड उलटा केला तर वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेली छोटी नळी दिसते, आणि आत एक अळी असते. ती कॅडिसमाशीची. तिचे प्रौढ रूप पतंगासारखेच दिसते, फक्त पंखांवर खवल्यांऐवजी बारीक केस असतात. कॅडिसमाश्या आणि पतंग हे सख्खे शेजारी आहेत यात शंका नाही. दोन्ही गटांच्या अळ्या खालच्या ओठाशी उघडणाऱ्या ग्रंथींतून रेशीम काढतात, आणि दोन्हींत पिल्लू नर होणार की मादी, हे आईच्या गुणसूत्रांवर ठरते. माणसात ते वडिलांच्या गुणसूत्रांवर ठरते. त्यामुळे कॉमस्टॉक यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मात्र ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या रॉबिन टिल्यार्ड यांनी ते लगेच खोडून काढले आणि हे पतंगच असल्याचे ठासून सांगितले. विसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटनच्या एच. ई. हिंटन यांनी अळ्यांच्या रचनेवरून पुन्हा वेगळ्या गणाची बाजू घेतली.

म्हणजे पतंग, कॅडिसमाश्या आणि स्वतंत्र गण अशी तिन्ही उत्तरे, आणि तिन्ही जाणत्या माणसांची. निरीक्षणात कुणाची फारशी चूक नव्हती. जबडे खरे होते, शिरा खऱ्या होत्या, खवलेही खरे होते. चुकत होते ते पुराव्याचे वजन. कुठले साम्य नाते सांगते आणि कुठले सांगत नाही, याचा नियमच कुणी पक्का केलेला नव्हता.

## जुना वारसा आणि नवी खूण

तो नियम माश्यांचा अभ्यास करणारे जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली जर्मन भाषेतल्या ग्रंथात मांडला. १९६६ साली त्यांचे विवेचन इंग्रजीत आले आणि मग ते जगभर पसरले. नियम समजायला एका घराण्याचे उदाहरण घेऊ. एकाच पणजोबांच्या वंशातली तीन घरे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या घरात पणजोबांच्या काळचा तांब्याचा बंब अजून आहे. तिसऱ्या घराने तो मोडीत काढला. बंब पाहून कुणी म्हणेल, पहिले आणि दुसरे घर एकमेकांना जास्त जवळचे. पण बंब तर सगळ्यांच्याच पणजोबांचा. तो दोन घरांत टिकला यावरून एवढेच कळते की तिसऱ्याने टाकला. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात एकसारखी पातेली निघाली आणि त्यांवर एकाच आजोबांचे नाव घातलेले असले, पहिल्या घरात मात्र तसे एकही भांडे नसले, तर गोष्ट बदलते. ही भांडी पणजोबांनंतर, एका शाखेत आली. म्हणून दुसरे आणि तिसरे घर हेच एकमेकांना जवळचे, बंब असो वा नसो.

हेनिग यांचा नियम नेमका हाच आहे. फार जुन्या पूर्वजाकडून आलेले साम्य नाते सिद्ध करत नाही. एका शाखेत नव्याने उपजलेले आणि पुढच्या वंशजांत उतरलेले साम्यच ते सिद्ध करते. एखादे लक्षण जुने की नवे, हे शेजारच्या गटांकडे पाहून ठरवायचे. जबडे नाकतोड्यांना आहेत, भुंगेऱ्यांना आहेत, मुंग्यांना आणि वाळवीलाही आहेत. पतंगांचा गण निर्माण होण्याच्या कितीतरी आधीपासून कीटकांना जबडे होते. म्हणजे जबडा हा जुना वारसा. मायक्रोप्टेरिक्सला जबडे आहेत यावरून तो पतंग आहे हेही सिद्ध होत नाही आणि तो पतंग नाही हेही होत नाही. चॅपमन यांच्या मांडणीतला सर्वांत ठळक पुरावा या एका विचाराने निकामी होतो.

मग नवी खूण कोणती? पंखांवरचे खवले. पंखांच्या दोन्ही बाजूंवर दाट बसलेले, चपटे, एकमेकांवर चढलेले खवले हे कॅडिसमाश्यांत नाहीत आणि इतर कीटकांतही या प्रकारे नाहीत. मायक्रोप्टेरिजिडीत मात्र आहेत. पुढच्या पायाच्या नळीवर स्पर्शिका साफ करण्यासाठी असलेली छोटी जंगम पट्टी हीही अशीच पतंगांची खास खूण. कोपनहेगनचे नील्स पेडर क्रिस्टेन्सेन यांनी अशा खुणा डोक्यापासून शेपटापर्यंत, स्नायूंसह, अनेक वर्षे खपून तपासल्या. त्यांच्या कामानंतर हे कुल लेपिडोप्टेरात बसते, आणि त्यातही बाकीच्या सगळ्यांपासून फार लवकर फुटलेली शाखा म्हणून बसते, यावर मतभेद उरला नाही.

## खवले तर डासालाही असतात

इथे एक रास्त आक्षेप येतो. डासाच्या पंखांच्या शिरांवरही खवले असतात. कॅडिसमाश्यांच्या काही जातींतही, विशेषतः नरांत, पंखांवर खवल्यांचे पट्टे दिसतात. मग खवल्यांवर एवढा भरवसा का ठेवायचा? उत्तर असे की कुठलीही खूण एकटी तपासायची नसते. डास हा दोन पंखांच्या माश्यांच्या गणातला. त्याच्या शरीरातल्या असंख्य खुणा त्याला तिथे बांधून ठेवतात. खवलेवाल्या कॅडिसमाश्याही आपल्या गणात खोलवर, केसाळ पंखांच्या भाईबंदांच्या मधोमध बसतात. म्हणजे त्यांचे खवले तिथे स्वतंत्रपणे, नंतर उपजले. मायक्रोप्टेरिजिडीचे खवले मात्र पतंगांच्या इतर खुणांबरोबर एकत्र येतात, आणि त्या सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. एका खुणेला फसवता येते, अनेक स्वतंत्र खुणांची एकवाक्यता सहजासहजी फसत नाही.

खवल्याच्या आतली रचना तर आणखी बोलकी आहे. मायक्रोप्टेरिक्सचा खवला भरीव असतो. वरचा आणि खालचा थर एकमेकांना चिकटलेले. सोंड असलेल्या बहुतेक पतंगांत आणि फुलपाखरांत दोन थरांमध्ये पोकळी असते. हा फरक २०१८ साली एका अनपेक्षित ठिकाणी कामी आला. उत्तर जर्मनीतल्या शांडेला इथे जमिनीत घेतलेल्या खोल छिद्रातून काढलेल्या गाळात सुमारे ७० सूक्ष्म खवले सापडले. त्यांचे वय जवळपास २० कोटी वर्षे. त्यातले काही पोकळ होते. पोकळ खवले आज फक्त सोंडवाल्या शाखेत आढळतात, म्हणून तेव्हा ती शाखा अस्तित्वात होती असा निष्कर्ष निघाला. फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म मात्र सुमारे १३ कोटी वर्षांपलीकडे जात नाहीत. फुलांतला मध शोषण्यासाठीच सोंड आली, ही आपल्या मनातली सोपी गोष्ट त्यामुळे डळमळली. सूचिपर्णी झाडांच्या बीजांडांतून पाझरणारे गोड थेंब किंवा नुसते पाणी पिण्यासाठी सोंड आधी आली असावी, असे हे खवले तपासणारे संशोधक सुचवतात. आणि सोंडवाली शाखा इतकी जुनी, तर तिच्याही आधी फुटलेली जबड्यांची शाखा त्याहून जुनी असली पाहिजे. दोन हजारांहून अधिक जनुके आणि १८६ जाती घेऊन २०१९ साली झालेल्या अभ्यासाने संपूर्ण गणाचा आरंभ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा मानला आणि मायक्रोप्टेरिजिडीला बाकी सर्वांची भगिनी-शाखा म्हणून दाखवले.

## हेटेरोबाथमियाचा धडा

नियम बरोबर आहे की नाही याची खरी कसोटी पुढच्या शोधाने लागली. १९७९ साली क्रिस्टेन्सेन आणि त्यांचे सहकारी एबे श्मिट नील्सेन यांनी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडल्या जंगलांतून हेटेरोबाथमिया नावाची नवी प्रजाती वर्णन केली. बारीक पतंग, चालणारे जबडे, सोंड नाही, परागावर गुजराण. सगळे चित्र ओळखीचे होते, म्हणून त्यांनी तिला मायक्रोप्टेरिजिडीचे नवे उपकुल म्हणून नोंदवले. अळी मात्र तोवर कुणी पाहिली नव्हती.

१९८३ साली तिचे जीवनचक्र उलगडले. अळी शेवाळात राहत नव्हती. ती नोथोफॅगस या दक्षिणी बीचच्या पानाच्या दोन थरांमध्ये बोगदा करून आतला गर खात होती. तिच्या शरीररचनेतल्या खुणा मायक्रोप्टेरिक्सच्या अळीशी जुळत नव्हत्या, सोंडवाल्या पतंगांच्या अळ्यांशी जुळत होत्या. त्याच दोघा शास्त्रज्ञांनी, चारच वर्षांत, आपण दिलेले स्थान काढून घेतले. हेटेरोबाथमियाला स्वतंत्र कुल आणि स्वतंत्र उपगण मिळाला, आणि तिची जागा सोंडवाल्यांच्या शेजारी ठरली. प्रौढाचे जबडे हा जुना वारसा होता, अळीच्या खुणा नव्या होत्या. दोन्ही पुरावे समोरासमोर आले तेव्हा नवी खूण जिंकली, आणि तिने जिंकलेच पाहिजे होते.

जबडेवाल्यांचे तिसरे कुल अगाथिफॅगिडी. त्यात दोनच जाती आहेत. एक ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधली, दुसरी फिजी आणि आसपासच्या बेटांवरची. त्यांच्या अळ्या कौरी झाडाच्या बियांच्या आत वाढतात. या तिन्ही कुलांचा 'जबडेवाले पतंग' असा एकच गट करणे वरवर किती सोयीचे! पण हेटेरोबाथमिया सोंडवाल्यांना जवळची असेल तर असा गट नात्याने खोटा ठरतो. म्हणूनच आज गणाचे चार उपगण मानतात. तीन उपगणांत या तीन छोट्या कुलांतले एकेक, आणि चौथ्यात सोंडवाले, म्हणजे गणातल्या जवळपास ९९.९ टक्के जाती. आकड्यांकडे पाहिले तर ही वाटणी विषम वाटते. वर्गीकरण लोकसंख्या मोजत नाही, फाटे मोजते.

## आणखी काही हरकती

पहिली हरकत: सोंड नसणे ही खूणच धरायची तर टसर रेशमाच्या पतंगाचे काय? भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ज्याच्या अळ्या वाढवतात, त्या पतंगाचे मुखावयव निकामी असतात. पंख फुटल्यावर तो काही खात नाही. मग तोही याच रांगेत बसवायचा का? नाही, कारण नसणे दोन प्रकारचे असते. मायक्रोप्टेरिक्सच्या पूर्वजांना सोंड कधी आलीच नव्हती. टसर पतंगाच्या पूर्वजांना ती होती आणि पुढे खुरटली. त्याचे बाकीचे सगळे शरीर, खवले आणि जनुकेही, सोंडवाल्यांच्या आतल्या फांदीवरचीच आहेत. 'नाही' हे साम्य म्हणून धरणे सर्वांत धोक्याचे, कारण गमावण्याच्या वाटा अनेक असतात. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर सापडलेल्या आणि २०१५ साली वर्णन झालेल्या एनिग्मॅटिनिया ग्लॅट्झेला या आदिम पतंगाने हीच सावधगिरी शिकवली. त्यालाही सोंड नाही, पण जनुकांनी त्याची जागा सोंडवाल्यांमध्ये दाखवली. त्या एका जातीसाठी नवे कुल करावे लागले.

दुसरी हरकत जास्त खोल आहे. जबड्यांवरून गट बांधायचा नाही, तर मग मायक्रोप्टेरिजिडी या कुलातल्या जातींना तरी एकत्र कशाने ठेवले? बाकीच्यांनी टाकलेल्या जुन्या गोष्टी ज्यांनी जपल्या, त्यांचा हा नुसता ढिगारा असू शकतो. ही शंका शास्त्रज्ञांनाही होती, कारण शरीररचनेत या कुलाच्या स्वतःच्या नव्या खुणा फार थोड्या आणि नाजूक. उत्तर जनुकांनी दिले. न्यूझीलंड, जपान, युरोप, अमेरिका अशा दूरदूरच्या जातींची जनुके जोडून पाहिली तेव्हा त्या एकाच फांदीवर आल्या. काही अभ्यासांत अगाथिफॅगिडी त्यांच्या अगदी शेजारी येते, पण कुलाचे ऐक्य मोडत नाही. म्हणजे जबडे पाहून बांधलेली मोट यावेळी बरोबर निघाली, तरी ती जबड्यांमुळे बरोबर ठरली नाही.

तिसरी हरकत दर्जाची. ही शाखा बाकी सर्वांपासून इतकी आधी फुटली असेल, तर चॅपमन यांचा स्वतंत्र गण काय वाईट? नात्याच्या दृष्टीने वाईट काहीच नाही. दोन भगिनी-शाखांना एका गणाचे दोन उपगण म्हणा किंवा दोन गण म्हणा, झाडाचा आकार बदलत नाही. तो नामकरणाचा संकेत आहे. कॉमस्टॉक यांचे उत्तर मात्र संकेताचा प्रश्न नव्हता. त्यांनी फांदीच दुसऱ्या झाडाला जोडली होती, आणि ते पुराव्याने चूक ठरले. वर्गीकरणाच्या वादांत हे दोन प्रश्न नेहमी सुटे ठेवले पाहिजेत: कोण कुणाचा, हा वस्तुस्थितीचा प्रश्न; आणि त्या फांदीला काय दर्जा द्यायचा, हा सोयीचा.

## जुनी शाखा म्हणजे थांबलेली शाखा नव्हे

या पतंगांना 'जिवंत जीवाश्म' म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. मायक्रोप्टेरिक्स हा राणी पाकोळीचा पूर्वज नव्हे. दोघांचा एक पूर्वज होता आणि त्याच्यापासून दोघांनीही सारखाच काळ वाटचाल केली. जपानमधल्या या कुलाच्या वीसहून अधिक जातींच्या अळ्या एकाच प्रकारच्या यकृतकेवर, कोनोसेफॅलमवर, जगतात. पानखाऊ कीटकांत नव्या जाती होतात त्या नव्या खाद्यवनस्पतीकडे वळल्याने, असे सहसा मानले जाते. इथे खाद्य बदललेच नाही. ओल्या जागा सोडून फारसे दूर न उडणारे हे पतंग डोंगर-दऱ्यांनी एकमेकांपासून तुटले आणि तेवढ्यावर वेगळ्या जाती झाल्या. दक्षिण गोलार्धात सबाटिंका ही प्रजाती न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनियात विस्तारली आहे, आणि न्यू कॅलेडोनियात ती झायगोगायनम या झाडाच्या फुलांना भेट देऊन परागण करते. न्यूझीलंडचे जॉर्ज गिब्ज यांनी २०१० साली नैर्ऋत्य पॅसिफिकातल्या या कुलाची फेरतपासणी केली आणि एकदम पाच नव्या प्रजाती मांडल्या. पूर्वी जे पतंग सबाटिंका या एका नावाखाली ढकलले जात, त्यांतले काही त्यांनी जननेंद्रिये आणि पंखांच्या शिरांच्या बारकाव्यांवरून वेगळे केले. तीस कोटी वर्षांची शाखा अजून नवे फुटवे देते आहे.

चौकट: थोडक्यात

- मायक्रोप्टेरिजिडी: बारीक, बहुधा दिवसा उडणारे पतंग. प्रौढाला जबडे, सोंड नाही. अन्न पराग आणि बीजाणू. २०११ च्या मोजदादीत २१ प्रजाती, १६० जाती.
- जबडे हा सर्व कीटकांचा जुना वारसा, म्हणून त्यावरून नाते ठरत नाही. पंखांवरचे दाट खवले ही पतंगांची नवी खूण, म्हणून ती नाते सांगते.
- पतंगांचे चार उपगण: तीन जबडेवाल्या कुलांचे तीन आणि सोंडवाल्यांचा एक.
- हेटेरोबाथमिया: १९७९ मध्ये मायक्रोप्टेरिजिडीत, १९८३ मध्ये अळी सापडल्यावर बाहेर.
- अवयव नसणे म्हणजे कधीच नसणे किंवा असून गमावणे. दोन्हींचा अर्थ वेगळा.

## एवढ्या खटाटोपाचे मोल

एक सेंटिमीटरच्या पतंगाला या खान्यात ठेवायचे की त्या, याने कुणाचे काय अडते, असे विचारले जाते. अडते ते असे: सोंड कधी आली, पानखाऊ अळ्या कधी झाल्या, फुले आणि पतंग यांत आधी कोण, या प्रश्नांची उत्तरे झाडाच्या बुडाशी असलेल्या फाट्यांवर अवलंबून आहेत. हे फाटे चुकीचे लावले तर वरच्या दीड लाख जातींचा इतिहास चुकीचा सांगितला जातो. आणि ते बरोबर लावायला नुसती जनुके पुरत नाहीत, नुसते मेलेले पतंगही पुरत नाहीत. हेटेरोबाथमियाची जागा पानात बोगदा करणाऱ्या एका अळीने ठरवली. टाचणीला लावलेल्या प्रौढाइतकेच अळीचे, तिच्या खाद्याचे आणि तिच्या जागेचे निरीक्षण मोलाचे असते, हे वर्गीकरण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवले पाहिजे. आपल्या डोंगरांत पतंगांची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी निरीक्षकांनीही छायाचित्रावर न थांबता अळी कशावर वाढते तेही नोंदवावे. आणि कुठल्याही दोन जीवांना, सारखे दिसतात म्हणून, जवळचे ठरवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: हे साम्य जुने आहे की नवे?